रात्रपाळी सांभाळून आठ महिन्यांत जपानी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नर्सिंगचा जीएनएम कोर्स झालेली मुलगी, मिरजेच्या एका रुग्णालयात नोकरी, महिन्याला दहा-बारा रात्रपाळ्या. जपानला काइगोच्या, म्हणजे वृद्धांची देखभाल करण्याच्या, कामावर जायचं पक्कं केलंय. हातात आठ महिने आहेत. नोकरी सोडून क्लाससाठी पुण्यात राहणं परवडत नाही. तिला विचारायचंय की घरी बसून एकटीनं जपानी होईल का, इंग्रजी कच्चं आहे ते आड येईल का, आणि जपानी शब्द देवनागरीत लिहून पाठ केले तर चालतील का.

होईल. इंग्रजी आड येणार नाही. देवनागरी तीन आठवडे चालेल, त्यानंतर ती वही कपाटात.

मी साताऱ्याची. 2005 साली लग्न ठरलं तेव्हा होणारा नवरा नागोयाला होता, म्हणून शनिवार पेठेतल्या घरी माळ्यावर बसून मी एकटीनंच जपानी सुरू केलं. पुढं सहा वर्षं तिकडं काढली. परत आल्यावर दुभाषी म्हणून कारखान्याकारखान्यांतून फिरले आणि आता बरीच वर्षं आपल्याच भागातल्या मुलामुलींना शिकवतेय. वयानं मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

इंग्रजीचं आधी बोलू, कारण तुझ्या पत्रात त्याचीच धास्ती जास्त दिसली. मोबाइलवरची बहुतेक अ‍ॅपं इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे आपल्या पोरांना वाटतं की आधी इंग्रजी सुधारायचं, मग जपानीकडं वळायचं. इंग्रजीतून जपानी शिकणं म्हणजे साताऱ्याहून कराडला मुंबईमार्गे जाणं. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्याही येतं. आपण नामाला प्रत्यय मागून चिकटवतो, तेही मागूनच चिकटवतात. ‘मिरजेहून सांगलीपर्यंत’ हे ‘मिराजु कारा सांगुरी मादे’. कारा म्हणजे हून, मादे म्हणजे पर्यंत. नो म्हणजे चा-ची-चे, आणि त्याला लिंग-वचनाची कटकटच नाही.

याहून मोठा फायदा ‘गा’ या प्रत्ययात आहे. इंग्रजीतून शिकणारा इथं हमखास अडखळतो. ‘मला पोहे आवडतात’ हे जपानीत ‘वाताशी वा पोहा गा सुकी देस’. इंग्रजीच्या डोक्याला वाटतं, आवडवून घेणारी मी, मग पोह्यांना कर्त्याचा प्रत्यय का? मराठीत विचार कर. ‘आवडतात’ कुणामुळं झालं? पोह्यांमुळं. पोहा एकच असता तर ‘आवडतो’ झालं असतं. म्हणजे आपल्याकडंही कर्ता पोहेच आहेत आणि मी बिचारी ‘मला’ होऊन बाजूला बसलेय. आता ओळीनं बघ: मला जपानी समजतं, मला जपानी येतं, मला पैसे लागतात. निहोंगो गा वाकारिमास, निहोंगो गा देकिमास, ओकाने गा इरिमास. मराठीत जिथं जिथं ‘मला’ येतो आणि क्रियापद दुसऱ्याच शब्दाप्रमाणं चालतं, तिथं बहुतेक वेळा जपानीत ‘गा’ सापडतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माळ्यावर एकदा आईशी बोलता बोलता लक्षात आलं आणि त्या दिवशी मी पुस्तकातलं इंग्रजी स्पष्टीकरण वाचणं सोडलं.

पण खरी मेजवानी ‘ते’ रूपाची आहे. ताबेरु म्हणजे खाणे, ताबेते म्हणजे खाऊन. आता पुढचं बघ.

ताबेते मिरु: खाऊन बघणे. मिरु म्हणजे खरोखरच बघणे.
कात्ते कुरु: विकत घेऊन येणे. कुरु म्हणजे येणे.
यात्ते ओकु: करून ठेवणे. ओकु म्हणजे ठेवणे.
ताबेते शिमाउ: खाऊन टाकणे. चुकून संपवलं, आता हळहळ वाटतेय, तीही छटा त्यात आहे.

‘करून बघणे’मध्ये डोळ्यांनी काही बघायचं नसतं आणि ‘सांगून ठेवणे’मध्ये कुठलीही वस्तू ठेवायची नसते, हे मराठी माणसाला समजवावं लागत नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यातल्या प्रत्येकासाठी निराळा धडा लागतो. तुला एक संध्याकाळ पुरेल. वॉर्डातली सिस्टर तिथं तुला ‘यात्ते ओइते’ म्हणेल, म्हणजे ‘करून ठेव’. तेव्हा डोक्यात भाषांतर चालू करायचीसुद्धा गरज पडू नये.

दोन ठिकाणी मात्र मराठी दगा देते. ‘ताबेते इरु’ म्हणजे खात आहे, इथपर्यंत ठीक. पण ‘केक्कोन शिते इमास’ म्हणजे ‘लग्न करत आहे’ नव्हे, ‘लग्न झालेलं आहे’. मुलाखतीत ‘लग्न झालंय का’ या प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलेल्या मुली मी पाहिल्यात. दुसरं ‘देणे’. आपल्याला एकच देणे. त्यांच्याकडं मी दुसऱ्याला दिलं तर आगेरु, दुसऱ्यानं मला दिलं तर कुरेरु. त्यांचं क्रियापद पुरुषाप्रमाणं बदलत नाही, त्यामुळे कुणी कुणाला दिलं हे अशाच शब्दांवरून ओळखायचं असतं. याला वेळ दे.

आता उच्चार. जपानी अक्षरमाला अ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा या क्रमानं चालते. पाठ म्हणून बघ, आपल्या वर्णमालेची सावली दिसेल. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतासाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम आला. ती दोन लिप्यांत लिहितात: हिरागाना 46 आणि परक्या शब्दांसाठीची काताकाना 46, एवढीच मूळ अक्षरं. यात ‘त’च्या ओळीत ता-चि-त्सु येतं तिथं हिंदी भाषक ठेचकाळतात, आपण नाही. आपला चिमणीतला च आणि चुलीतला च वेगळे आहेत ना? जपानी चि हा चिमणीतला, त्सु हा चुलीतला. तसंच मिझु, म्हणजे पाणी, यातला शेवटचा उच्चार बैलाच्या मानेवरच्या ‘जू’चा. ‘न’ हे सुटं अक्षर तर आपला अनुस्वारच. गंगेत तो एक बोलतो, चंपात दुसरा, चंदनात तिसरा. गिंकोऽ आणि साम्पो म्हणताना नेमकं तेच होतं, शिकायचं काही नाही.

आणि इथंच देवनागरीच्या वहीचा घात होतो. जपानीत ऱ्हस्व-दीर्घ बदललं की शब्दच बदलतो. ओबासान म्हणजे मावशी-काकू, ओबाऽसान म्हणजे आजी. बिरु म्हणजे इमारत, बीऽरु म्हणजे बिअर. मराठीत शब्दाच्या शेवटी इ-उ आले की आपण ते दीर्घच म्हणतो, ती शाळेपासूनची सवय. ए आणि ओ यांचं तर ऱ्हस्व-दीर्घ आपल्या लिपीत दाखवताच येत नाही. (इथं मी लांबी दाखवायला ऽ वापरतेय, पण वहीत इतकं काटेकोर कुणी लिहीत नाही. मीही लिहीत नव्हते.)

माझ्या वहीत चार तारीख आणि आठ तारीख दोन्हीपुढं ‘योका’ असं लिहिलेलं होतं. नागोयाला गेल्यावर दुसऱ्या वर्षी मुलीच्या लसीसाठी एका दवाखान्यात फोन केला. पलीकडची बाई दोनदा स्पष्टपणे म्हणाली, योऽका. मी चार तारखेला धो धो पावसात बाबागाडी ढकलत पोचले. काउंटरवरच्या मुलीनं वही उघडली, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि माझं नाव काही सापडेना. शेवटी तिनं कागदावर मोठ्ठा 8 काढून माझ्याकडं सरकवला आणि हळूच म्हणाली, योऽका. मग 4 काढला आणि म्हणाली, योक्का. चारमध्ये क दुप्पट, आठमध्ये ओ लांब. त्या रात्री मी वही फाडली नाही, पण पुन्हा उघडलीही नाही. तुझ्या कामात तारखा आणि औषधाच्या वेळा असणार, म्हणून एवढं सांगतेय.

तेव्हा पहिले तीन आठवडे फक्त अक्षरं. रोज पाच हिरागाना, हातानं लिहून. दहा दिवसांत संपतात. मग काताकाना. काताकानात शि आणि त्सु, सो आणि न या जोड्या सख्ख्या जुळ्या बहिणी आहेत, रेघ वरून खाली ओढली की खालून वर, एवढाच फरक. त्यासाठी दोन दिवस राखून ठेव. स्वतःचं नाव काताकानात कसं लिहायचं ते एकदाच ठरव आणि सगळ्या कागदांवर तसंच लिही. त्यांच्याकडं ल नाही, अर्धं अक्षर बहुधा पूर्ण होतं. समज नाव शीतल असेल तर ते शीऽतारु होईल. पहिल्यांदा हसू येतं, मग सवय होते.

कांजीला, म्हणजे चिनीतून आलेल्या, अख्ख्या शब्दाचा अर्थ सांगणाऱ्या चिन्हांना, घाबरून पुष्कळ जण सोडून देतात. रोजच्या वापराच्या म्हणून सरकारी यादीत 2,136 कांजी आहेत, पण तुझ्या पातळीला तीनशेच्या आसपास पुरतात. एका चिन्हाचे दोन-दोन उच्चार का, हा प्रश्न पडला की आपलं ‘पाणी’ आणि ‘जल’ आठव. आपण ‘जरा जल दे’ म्हणत नाही आणि ‘पाणीविद्युत प्रकल्प’ही म्हणत नाही. सुटा शब्द देशी, जोडशब्द संस्कृत. त्यांचंही तसंच: पाण्याचं चिन्ह एकटं असलं की मिझु, जोडशब्दात गेलं की सुइ, सुइदोऽ म्हणजे नळाचं पाणी. फरक इतकाच की आपलं तत्सम संस्कृतातून आलं, त्यांचं चिनीतून. काइगोच्या शब्दांत ही जोडी पावलोपावली भेटेल. परीक्षेच्या कागदावर ‘गोएन’ लिहिलेलं असतं, म्हणजे अन्न श्वासनलिकेत जाणं. वॉर्डात कुणी गोएन म्हणून ओरडत नाही, ‘मुसेरु’ म्हणतात, म्हणजे ठसका लागणे. कागदावर ‘जोकुसोऽ’, तोंडी ‘तोकोझुरे’. दोन्हीचा अर्थ तू रोज ड्रेसिंग करतेस तोच, पडून पडून पाठीला होणारी जखम. हे शब्द जोडीनंच पाठ कर. कांजी ओळखता आणि टाइप करता आली तरी सध्या भागेल. सगळी हातानं गिरवत बसशील तर आठ महिने त्यातच जातील.

वेळेचा हिशोब. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत एन4 ही खालून दुसरी पातळी. 2010 पूर्वीच्या जुन्या परीक्षेत आजच्या एन4 च्या तोडीची जी पातळी होती, तिला साधारण 300 तासांचा अभ्यास, 300 कांजी आणि 1,500 शब्द धरले जात. आठ महिन्यांत 300 तास म्हणजे रोज सव्वा तास. रात्रपाळीच्या आठवड्यात सव्वा तास बसून होणार नाही, हे मला कळतंय. त्या दिवसांत पुस्तक उघडूच नकोस, फक्त ऐक. जपान फाउंडेशननं ‘इरोदोरी’ नावाचं पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसकट फुकट दिलंय, जपानमध्ये राहून काम करणाऱ्यांसाठीच ते बनवलंय. सांगली-मिरज येण्याजाण्यात एकच संवाद दहा वेळा ऐक. पाचव्या वेळेपासून त्यांच्या मागोमाग पुटपुटायला लाग. शेजारची बाई बघेल, बघू दे. आठवड्यातून एकदा स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून बघ.

आणि तुझी रात्रपाळी हीच तुझी प्रयोगशाळा. काइगोमध्ये ‘कोएकाके’ म्हणून एक गोष्ट पहिल्या दिवसापासून घोकून घेतात. कोए म्हणजे आवाज. रुग्णाला हात लावण्याआधी, पांघरूण काढण्याआधी, खुर्ची हलवण्याआधी काय करणार ते बोलून सांगायचं. तू हे मराठीत करतेसच: ‘आजी, कूस बदलूया हं’, ‘गोळी घेऊया ना’. आता गंमत बघ, गोळी एकट्या आजीच घेणार असतात, तरी आपण ‘घेऊया’ म्हणतो. जपानीतही अगदी तसंच, ‘ओकुसुरी, नोमिमाशोऽ ने’. माशोऽ म्हणजे ऊया आणि ने म्हणजे ना. उद्यापासून वॉर्डात मराठीत जे बोलशील ते लगेच मनातल्या मनात जपानीत म्हण. ‘उजवीकडं वळूया’: मिगी ओ मुकिमाशोऽ. ‘पाणी पिता का?’: ओमिझु ओ नोमिमास का. अडलं की खिशातल्या चिठ्ठीवर मराठी वाक्य लिहून ठेव, सकाळी घरी जाऊन शोध. अशी साठ-सत्तर वाक्यं जमली की तुझं खरं पुस्तक तयार झालं. फक्त एक सवय मोड. आपण सर्रास आजी, मावशी, मामा म्हणतो. तिथल्या संस्थांत आडनावाला सान लावून हाक मारतात, ‘ओबाऽचान’ म्हटलेलं बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आणि समोरच्याला ‘आनाता’ म्हणू नकोस. पुस्तकात त्याचा अर्थ तुम्ही असा दिलाय, पण ऐकणाऱ्याला तो टोचतो.

नागोयाला मी आठवड्यातून एक दुपार एका वृद्धाश्रमात गप्पा मारायला जायचे. एक आजी गुडघा धरून म्हणाल्या, झुकी-झुकी. मला दुखण्यासाठी एकच शब्द ठाऊक होता, इताइ. मी विचारलं, इताइ देस का? त्या वैतागून म्हणाल्या, झुकी-झुकी! घरी येऊन शोधलं तर अर्थ निघाला ठसठसणे. हसावं की रडावं कळेना. ज्या भाषेत ठसठस, चुरचुर, मळमळ, गरगर आहे तिथून आलेली मी, आणि शोधत काय होते तर ‘दुखणे’. ठसठस म्हणजे झुकी-झुकी, चुरचुर म्हणजे हिरी-हिरी, टोचल्यासारखं होणं चिकु-चिकु, डोकं घणघणणं गान-गान, मळमळ मुका-मुका, गरगरणं कुरा-कुरा. डॉक्टरला कळवताना ही छटाच कामाची असते, हे तुला मी काय सांगणार.

आकड्यांचं एकच. त्यांच्याकडं लाख नाही, मान आहे, म्हणजे दहा हजार. एक लाख म्हणजे दहा मान. पगाराचा करार वाचताना आधी मान मोज, मग सह्या कर.

आता थोडं कडू. तिथं तू नर्स नसशील. नर्स म्हणून काम करायला जपानची राष्ट्रीय परीक्षा लागते, आणि तेवढं जपानी यायला वर्षं जातात. काइगोवाली म्हणून जाशील तेव्हा अंघोळ घालणं, भरवणं, शौचाला नेणं हेच मुख्य काम. विशिष्ट कौशल्याच्या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात साधारण पाच वर्षं राहता येतं, नवरा-मुलांना नेता येत नाही. तीन वर्षं काम केल्यावर काइगो-फुकुशिशी या परवान्याच्या परीक्षेला बसता येतं, तो मिळाला तर पुढची वाट मोकळी होते. हे घरच्यांना आत्ताच सांग. आणि मधल्या माणसानं पासपोर्ट ‘आमच्याकडं राहू दे’ म्हटलं तर तिथून उठून ये. माझ्या एका विद्यार्थिनीचा पासपोर्ट चार महिने असाच अडकला होता.

परीक्षा तीन द्याव्या लागतील. काइगोच्या कौशल्याची, 45 प्रश्न, 60 मिनिटं. काइगोच्या जपानीची, 15 प्रश्न, 30 मिनिटं. आणि सर्वसाधारण जपानीची, एन4 किंवा जपान फाउंडेशनची जेएफटी-बेसिक यांपैकी एक. जेएफटी संगणकावर असते, 250 पैकी 200 लागतात, निकाल तिथंच पडद्यावर दिसतो. एन4 जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आपल्याला जवळचं केंद्र पुणे, अर्ज तीन-चार महिने आधी. तिचा निकाल यायला दोनेक महिने लागतात. माझं मत, एन4 चा अर्ज भर आणि जेएफटी हाताशी ठेव. एन4 ला 180 पैकी 90 लागतात, पण ऐकण्याच्या 60 पैकी 19 च्या खाली गेलीस तर बाकीचे गुण कितीही असोत, नापास. दोन्ही परीक्षांत बोलण्याची चाचणी नाही. म्हणून प्रमाणपत्र हातात असूनही मालकाच्या व्हिडिओ मुलाखतीत तोंड न उघडणारी मुलं निघतात. तुझी वॉर्डातली साठ-सत्तर वाक्यं तिथं कामाला येतील.

एन4 चा ऐकण्याचा भाग सगळ्यात शेवटी असतो आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. मिरजेहून रात्रीची गाडी पकडून सकाळी थेट पेपरला बसू नकोस, आदल्या दिवशी पुण्यात कुणाकडं तरी मुक्काम कर. पेन चालत नाही, एचबी पेन्सिली आणि खोडरबर घे. आणि त्या शनिवारची रात्रपाळी आत्ताच मैत्रिणीशी बोलून बदलून ठेव. ठेव म्हणजे ओइते, आलं ना लक्षात?